मुशीच्या तेलाचा डबा

मित्रांनो, जवळ या, पण नाक दाबू नका. मी पत्र्याचा एक जुना डबा आहे आणि माझ्या पोटात एके काळी मुशीच्या कलेजीचं तेल असायचं. मुशी म्हणजे समुद्रातला तो दातांचा मोठा मासा, तुमच्या पुस्तकात त्याला शार्क म्हणतात. तेल संपलं, वास राहिला. आता मी कामरगावापासून दोन कोसांवरच्या तांड्यावर, रामीबाईच्या झोपडीत, चुलीपासून तीन हात लांब बसलेला असतो. माझं वय फार नाही, तीन-साडेतीन वर्षांचं असेल. पण पत्र्याला तेवढंही पुष्कळ होतं. कडा गंजल्या आहेत, एका कुशीला पोचा आहे आणि बोलायचा मनापासून कंटाळा येतो. तरी आज बोलतो. नाही बोललो तर एका पोरीचे डोळे कशाने जायला आले होते आणि कशाने वाचले, हे कोणालाच कळायचं नाही.

माझा जन्म मुंबईतला. एका कारखान्यात मला कापलं, वाकवलं, डाख लावून सांधलं. वर एक लहानसं तोंड आणि त्याला फिरकीचं झाकण. तोंड मुद्दाम लहान, कारण या तेलाला हवा सोसत नाही. तिथून मी खाली कोकणात, समुद्राच्या काठावरच्या एका तेल काढायच्या शेडमध्ये गेलो. माझ्यासारखे पन्नास डबे तिथे रांगेने बसले होते. मला वाटलं, लगेच भरतील. दोन महिने कोणी ढुंकून पाहिलं नाही.

वाट कशाची पाहायची, ते मला एका म्हाताऱ्या नाखव्याकडून कळलं. तो रोज पहाटे कमरेइतक्या पाण्यात जायचा, हात बुडवायचा आणि बोट चाखायचा. पावसाळा संपला तरी नद्यांचं गढूळ पाणी कितीतरी दिवस किनाऱ्याला रेंगाळतं. ते गोडसर, कोमट पाणी मुशीला मानवत नाही, ती बाहेर खोल समुद्रात थांबते. मग कधीतरी दिवाळीच्या पुढेमागे वारा फिरतो, पाणी निवळतं, खारं होतं, गार होतं. गार पाण्यात तारलीचे, त्या बोटभर माशांचे, थवे काठाला येतात आणि तारलीच्या मागे मुशी. उन्हाळ्यात पाणी तापलं की ती पुन्हा खाली निघून जाते. नाखवा म्हणायचा की मुशीला आपण आणत नाही, तिला पाणी आणतं. हे म्हणताना त्याचा आवाज थकलेला असायचा. दर वर्षी तेच पाणी आणि तीच वाट.

त्या वर्षी पाणी वेळेवर गार झालं. मुशी आल्या. कधी एखादी पोटुशी सापडली की नाखवा हळहळायचा, जाळं सैल करायचा. सगळ्यांना सोडून कसं चालेल? कलेजी मोठ्या कढईत पाण्यावर शिजायची, वर पिवळं तेल तरंगायचं, ते गाळून माझ्या पोटात आलं. माझ्या अंगावर कागद चिकटवला आणि मला गाडीत घातलं. मोठ्या गाडीने मूर्तिजापूर, तिथून छोट्या गाडीने कारंजा, तिथून बैलगाडीच्या साट्यात कामरगाव. समुद्र मागे पडला. इथे पाहावं तिकडे कपाशी आणि तूर.

एकोणीसशे सत्तावन्न सालची ही गोष्ट. कामरगावच्या दवाखान्यात इंद्रभान नावाचे कंपाउंडर होते. डॉक्टर आठवड्यातून एकदा कारंज्याहून यायचे, बाकीचे सहा दिवस दवाखाना म्हणजे इंद्रभानच. माणूस सरळ, हात हलका, पण कामाने पार पिचलेला. त्यांनी मला फळीवर ठेवलं आणि त्या वर्षी माझं भारी कौतुक झालं. सांज पडली की ज्यांना दिसेनासं व्हायचं, अशी पोरं यायची. मापाच्या पेल्यातून माझं तेल त्यांच्या तोंडात जायचं, ती तोंडं वेडीवाकडी करायची, आणि पंधरा-वीस दिवसांनी त्यांचे बाप येऊन सांगायचे की पोरगं आता अंधारात धडपडत नाही. मी फुगून जायचो. दिवाळीला मी रिकामा परत गेलो, भरून परत आलो. त्यापुढच्या दिवाळीलाही असंच होईल असं मी धरून चाललो होतो.

अठ्ठावन्न सालच्या भादव्यात रामीबाई आली. तांड्यावरची बाई, घागऱ्याला आरसे, हातभर बांगड्या, आणि घागरा धरून चालणारी सात वर्षांची भुरी. भुरीला दिवसा सगळं दिसायचं. दिवस बुडाला की ती भिंत चाचपायची. आईने खाटेच्या पायापासून दारापर्यंत एक दावं बांधून दिलं होतं, ते धरून पोर संध्याकाळी आतबाहेर करायची. रामीबाईने पोहरादेवीला नवस बोलून पाहिला होता, आता दवाखाना पाहायला आली होती.

त्या दिवशी बाहेर हिवतापाचे तीस-चाळीस लोक बसले होते. इंद्रभाननी भुरीची पापणी उचलून पाहिली, माझ्यातून एक मोठी बाटली भरली, आणि डोळ्यांसाठी आहे, रोज सांजचं एक चमचा, एवढं बोलून पुढच्या माणसाला हाक मारली. मित्रांनो, मी फळीवरून ऐकत होतो. मला काहीच वावगं वाटलं नाही. तेव्हा माझीही समज तेवढीच होती.

त्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेईना. कार्तिक लागला तरी झड. बोंडं झाडावरच भिजून काळी पडली. मी फळीवर बसून त्या पावसाचा आवाज ऐकत होतो आणि मला नाखव्याचं बोट आठवत होतं. इथे एवढा पडतोय, तर तिकडे घाटाखाली किती पडत असेल? नद्या अजून लाल वाहत असतील. पाणी गोड असेल, कोमट असेल.

दिवाळी झाल्यावर कोकणातल्या शेडमधून पत्र आलं. इंद्रभाननी ते खुर्चीवर बसून दोनदा वाचलं. किनाऱ्याला मुशी आलेल्या नाहीत, होड्या रिकाम्या परतत आहेत, यंदा तेल मिळेल असं दिसत नाही, तरी रिकामा डबा पाठवू नये. त्यांनी मला उचलून हलवलं. आत काहीच वाजलं नाही. थंडी पडली होती आणि तळाचं उरलंसुरलं तेल तुपासारखं गोठून सांध्यांना चिकटलं होतं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी रामीबाई पुन्हा आली. भुरी दारातून आत आली तेव्हा मला एकदम घरचं माणूस आल्यासारखं वाटलं, आणि का वाटलं ते कळेना. मग ती जवळ आली. पोरीच्या दोन्ही डोळ्यांत जाड, काळंभोर काजळ होतं आणि त्या काजळाला माझा वास होता.

"तेल सरलं, साहेब," रामीबाई म्हणाली. "पन पोरीले सांजचं अजून दिसत नाही."

इंद्रभाननी विचारलं, रोज किती देत होती.

"द्याचं कायले? दिवा लावला, वरतं तांब्याचं ताट पालथं घातलं, काजळ पाडलं. रोज घालून राह्यली मी तिच्या डोळ्यात. एक दिवस चुकला नाही."

तिने हे अभिमानाने सांगितलं. तिच्या घरात डोळ्याचं औषध डोळ्यातच जायचं. तिच्या आईने एरंडीच्या तेलाचं काजळ असंच पाडलं होतं, आईच्या आईनेही. बाटलीभर तेल, मुशीच्या कलेजीचं, गार पाण्याची वाट पाहून मिळवलेलं, दिव्यात जळून गेलं होतं. तांड्यावरचे लोक म्हणे त्या वासाने पळायचे, पण बाई हटली नाही. पोरीसाठी वास सोसायला ती तयार होती.

इंद्रभाननी भुरीला उजेडाकडे वळवलं. भुरीचं काजळ त्यांनी ओल्या कापसाने पुसलं. खाली डोळ्याच्या पांढऱ्यावर साबणाच्या फेसासारखा एक ठिपका उमटला होता. योगायोगाने तो डॉक्टरांचा दिवस होता. डॉक्टरांनी पाहिलं आणि इंद्रभानना बाजूला घेऊन सांगितलं की आता दिवस थोडे आहेत. बुबुळ मऊ पडलं तर मग समुद्रभर तेल आणलं तरी उपयोग नाही.

डॉक्टर गेले. रामीबाई तशीच उभी होती. तिला सगळं कळलं नव्हतं, पण काहीतरी चुकलं एवढं कळलं होतं, आणि ती स्वतःच्या हाताकडे, काजळ घालणाऱ्या बोटाकडे, पाहत होती.

"चूक तुही नाही, बाई," इंद्रभान म्हणाले. "मीच सांगतलं नाही. गर्दी होती, अन् मले घाई होती."

एवढं बोलून ते उठले आणि मला घेऊन मागच्या ओट्यावर आले. त्यांच्या हातात छन्नी आणि हातोडी होती. सांध्यांना चिकटलेलं तेल माझ्या लहान तोंडातून निघणारं नव्हतं.

मित्रांनो, इथे मी घाबरलो, हे कबूल करतो. डबा फुटका असला तर तिकडे परत घेत नाहीत. तोंड कापलं की मी कधीच समुद्राकडे जाणार नव्हतो. दोन वर्षं मी त्या फळीवर बसून दुसरं काय करत होतो? वारा फिरायची वाट पाहत होतो. पुन्हा तो खारा वारा, ती कढई, बोट चाखणारा नाखवा. सरकारी डबा फोडला म्हणून इंद्रभानना जाब द्यावा लागणार होता, तेही त्यांना माहीत होतं. ते क्षणभर थांबले. मग छन्नी टेकवली आणि घाव घातला. पत्रा ओरडला. माझा वरचा सगळा पत्रा निघून आला आणि पहिल्यांदाच माझ्या पोटात ऊन पडलं.

त्यांनी मला भिंतीला टेकवून उन्हात ठेवलं. सांध्यांतलं तेल हळूहळू सुटून तळाला जमलं. चमच्याने खरवडून, थोडं कोमट तिळाचं तेल फिरवून, पुन्हा खरवडून त्यांनी दोन लहान बाटल्या भरल्या. जळून गेलं त्याच्या निम्मंही नव्हतं. मग ते रामीबाईसमोर खाली बसले. या वेळी दाराशी माणसं होती तरी त्यांनी कोणालाही हाक मारली नाही.

रामीबाईने विचारलं, तोंडात घातलेलं डोळ्यात कसं जाईल.

"तू म्हशीले सरकी चारतं. तोंडातूनच जाते नं? मंग दूध थनात कसं उतरते?"

 ढोरांत वाढलेली बाई, हे तिला पटलं. मग इंद्रभाननी चमचा स्वतः चाटून दाखवला, तोंड वाकडं केलं, आणि भुरी हसली. पहिला चमचा तिने तिथेच घेतला. रोज अर्धा चमचा, पोटात, जेवल्यावर, असं त्यांनी रामीबाईकडून तीनदा वदवून घेतलं. सोबत शेवग्याचा पाला रोज भाजीत घालायला सांगितलं. आणि जाताना मला तिच्या हातात दिलं. आता हा दवाखान्याच्या कामाचा नाही, घरी धान्याला होईल, म्हणाले.

अशी माझी बदली झाली. समुद्र सुटला, फळी सुटली, तांड्यावरच्या झोपडीत माझ्यात ज्वारी आली. भाकरीला माझा वास लागतो म्हणून भुरीचा बाप उदयसिंग कुरकुरला, पण रामीबाईने मला बाहेर टाकलं नाही. रोज जेवण झालं की ती बाटली काढायची. एक दिवस नाही चुकला, हे खरंच तिच्या स्वभावात होतं. मी मात्र रोज संध्याकाळी त्या दाव्याकडे पाहायचो. भुरी ते धरायची, पाय घासत दारापर्यंत जायची, घासत परत यायची. पहिली बाटली संपली. दावं तसंच होतं. दुसरी अर्ध्यावर आली. माझं मन खचलं. जे जळून गेलं तेच पुरलं असतं, एवढंच मनात यायचं.

मग एका संध्याकाळी रामीबाई पीठ मळत होती. दिवस बुडाला होता, दिवा अजून लावला नव्हता. कोंबड्यांना दाणे टाकायचे म्हणून भुरी माझ्याकडे आली, हात आत घालायला वाकली आणि थांबली.

"याडी, डब्यात मुंगळे हायत."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. रामीबाईचे हात परातीतच राहिले. ती वळली नाही. तशीच पाठमोरी, अगदी हळू आवाजात तिने विचारलं,

"किती?"

"दोन. एक काठावर चढून राह्यला."

रामीबाई उठली. पिठाच्या हातांनी तिने आधी दाराची गाठ सोडली, मग खाटेच्या पायाची. दावं गुंडाळलं आणि माझ्यात, ज्वारीवर, ठेवून दिलं. मग खाली बसून ती रडली. मला रडता येत नाही, पण त्या वेळी यावं असं वाटलं.

यंदा कपाशी कोरडी निघाली. परवा रामीबाई कामरगावला जाऊन आली. दवाखान्यात माझ्या फळीवर नवा डबा बसला आहे, भरलेला. म्हणजे तिकडे वारा फिरला, पाणी गार झालं, तारली काठाला आली आणि तिच्या मागे मुशी. नाखव्याचं बोट खारं झालं असेल. मला तिथे जायचं नाही आता. थकलो आहे. पण पाणी वेळेवर गार झालं हे ऐकून बरं वाटलं.

मित्रांनो, औषधाची बाटली कोणाच्या हातात द्याल तेव्हा घडीभर खाली बसा. ते कुठे जातं, कसं जातं, हे समोरच्याला पटेपर्यंत सांगा. फार लांबून, फार वाट पाहून ते आलेलं असतं, आणि दर वर्षी येईलच असं नसतं.

आणि माझ्यासाठी एकच मागणं आहे. मला राखेने घासून लख्ख करू नका. थंडी पडली की भुरी अजून माझ्यात डोकं घालून नाकाने ओढते आणि आईला ओरडून सांगते की वास हाय अजून. तिने समुद्र कधी पाहिला नाही. तिच्या वाट्याला आलेला समुद्र तेवढाच आहे, तो राहू द्या.