बोटाएवढं भोक

मी एक जुनी शवपेटी आहे. घाबरू नका मित्रांनो, माझ्यात मेलेलं माणूस कधीच निजलं नाही. निजली ती रीके नावाची नऊ वर्षांची मुलगी, आणि तीही भर दुपारी, कॅमेऱ्यासमोर, तोंडात प्लास्टिकचे सुळे घालून.

जर्मनीतल्या हार्त्सच्या डोंगरात आमचं गाव आहे. तिथल्या किल्ल्यात मुलांसाठी एक विनोदी सिनेमा घेतला गेला. त्यात रक्तपिशाचांचं एक कुटुंब होतं, आणि घरातलं धाकटं पिशाच रक्त पाहिलं की चक्कर येऊन पडे. बिचारं चेरीच्या सरबतावर जगायचं. ते पिशाच म्हणजे रीके, आणि तिचं अंथरूण म्हणजे मी. गावच्या आल्बोर्न सुतारांनी हलक्या फळ्या जोडून मला घडवलं आणि आतून लाल मखमल लावली. मुलांना रात्री काम करायला लावणं आमच्याकडे कायद्यात बसत नाही, म्हणून किल्ल्याच्या खिडक्यांवर काळी कापडं ठोकली होती. आमची रात्र दुपारच्या जेवणानंतर सुरू व्हायची आणि चार वाजता, कॉफीच्या वेळेला संपायची.

पहिल्यांदा झाकण लागलं तेव्हा रीकेने रडून किल्ला डोक्यावर घेतला. दिग्दर्शक वैतागला. आल्बोर्न मात्र गिरमिट घेऊन आले आणि माझ्या झाकणाला एका ओळीत भोकं पाडू लागले.

"वारा येईल हो काका," रीके नाक पुसत म्हणाली, "पण मी आत आहे हे तुम्हाला कळणार कसं? विसरून जेवायला गेलात तर?"

"भोकातून बोट बाहेर काढायचं. बोट दिसलं की मी समजेन, आमचं भूत शाबूत आहे."

मग रोज झाकण लागलं की एक चिमुकलं बोट बाहेर यायचं. आल्बोर्न त्याला आपलं खरबरीत बोट टेकवायचे आणि मगच काम सुरू व्हायचं. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते.

सिनेमा आला तेव्हा गावाने माझं फार कौतुक केलं. पडद्यावर मी दिसले की आल्बोर्न शेजाऱ्याला कोपर मारायचे. पुढे कौतुक आटलं. रीके शहरात मोठी झाली. मी सुतारांच्या शेडमध्ये गेले, पायाकडची फळी निखळली आणि वाऱ्याने माझ्यात झाकणापर्यंत पाचोळा भरला. एका हिवाळ्यात आल्बोर्नही गेले. त्यांच्या खऱ्या पेटीला कुणी भोकं पाडली नाहीत, याचं मला उगीच वाईट वाटत राहिलं.

त्याआधीच्या शरद ऋतूत त्या निखळलेल्या फळीतून एक हेजहॉग आत शिरला होता. ओंजळीत मावेल एवढा काटेरी जीव, थंडीभर झोपणारा. झाकणाच्या भोकांखाली पाचोळ्यात गोळा होऊन तो निजला. इतक्या वर्षांनी माझ्यात कुणीतरी श्वास घेत होतं.

मित्रांनो, थंडी सरता सरता, ईस्टरच्या शनिवारी आमचं गाव मोठी होळी पेटवतं. आठवडे आधीपासून माळावर फांद्या रचतात. अशा ढिगात मुके जीव आसरा घेतात, म्हणून पेटवण्याआधी सगळा ढीग उपसून पुन्हा रचायचा, असा नियम आहे. त्या वर्षी अग्निशमन दलाच्या टिम्पेकाकांनी तो पाळलाही. पण ढीग रचून झाल्यावर आल्बोर्नांचा जावई शेड रिकामी करून आला आणि त्याने ट्रॉलीतून मला उतरवलं.

लोकांना गंमतच वाटली. त्यांनी मला ढिगाच्या पायथ्याशी दिसेल अशी ठेवली. पायाकडच्या भगदाडाला ओंडके टेकवले आणि झाकणावर फांद्या रचल्या.

"आत बघायचं का?" कुणीतरी विचारलं.

"पिशाच असेल तर आज भाजून निघेल," टिम्पेकाका म्हणाले, आणि सगळे हसले.

मी किती तळमळले ते कसं सांगू? लाकडाला ओरडता येत नाही. मला जळायचं भय होतंच. पण माझ्या भरवशावर निजलेला तो जीव माझ्याच पोटात होरपळणार, हे मला सोसवेना.

सूर्य टेकला. सॉसेजचा वास सुटला. पाहुणी म्हणून बोलावलेली रीके हातात मशाल घेऊन आली. बाकीच्या मशाली मुलांच्या हातात होत्या. मला पाहून ती थबकली.

"अगं बाई, ही तर माझी खाट."

पलीकडून मुलांनी तोवर ढिगाला मशाली लावल्याही होत्या. सुकं लाकूड तडतडलं आणि धूर माझ्या फटींतून आत आला. आता सगळं संपलं, असं मला वाटलं. रीके वाकली. निरोप घ्यायचा म्हणून असेल, पण तिने मशाल डाव्या हातात घेतली आणि माझ्या भोकात बोट घातलं.

तिने हात झटकन मागे घेतला. बोटावर रक्ताचा थेंब होता.

"आत कोणीतरी आहे."

"खिळा लागला असेल गं. मागे हो, आग येतेय."

"खिळा श्वास घेत नाही, टिम्पेकाका!"

मशाल फेकून ती फांद्या उपसू लागली. टिम्पेकाकांचा चेहरा पडला आणि तेही धावले. दोघांनी माझं झाकण ओढलं तशा गंजलेल्या बिजागऱ्या तुटल्या. रीकेने पाचोळ्यासकट तो काटेरी गोळा झाकणावर घेतला, आणि ताट उचलावं तसं झाकण उचलून दोघं माळाच्या कडेला पळाली. मागे माझं उरलेलं अंग, लाल मखमल आणि चेरीचे डाग धडधडा जळाले. गोळा हळूच हलला. रीके रडत होती.

"आमचं भूत शाबूत आहे," ती म्हणाली. ते टिम्पेकाकांना नव्हतं.

म्हणून मित्रांनो, आता मी नुसतं झाकण आहे. माझी एकच विनवणी आहे. जुनं काही जाळाल, मोडाल, फेकाल, तर आधी आत डोकावून बघा. हसण्याच्या भरात बघायचं राहून जातं.

अग्निशमन दलाच्या इमारतीमागे पाचोळ्याच्या ढिगावर टिम्पेकाकांनी मला तिरकं टेकवून ठेवलं आहे. थंडी पडली की ते गुडघ्यांवर हात ठेवून कण्हत वाकतात आणि भोकात बोट घालतात. मग टोचलेलं बोट चोखत, कुणी पाहत नाही ना याची खात्री करून, ते हळूच म्हणतात, "शाबूत आहे."