सार्जंटचे पाय

सक्तीच्या भरतीत पकडून आणलेल्या एनोस ट्रॉयरने कॅन्ससच्या लष्करी छावणीत आल्यापासून एकही हुकूम पाळला नव्हता. त्याच्या आमिश या ख्रिस्ती पंथाला लढाई वर्ज्य होती, मग ती फ्रान्समध्ये चालू असली तरी. आणि छावणीचा न्याय सरळ होता: एक हुकूम पाळला की माणूस शिपाई झाला, मग अंगात गणवेश, मग बोटीत जागा. म्हणून त्याने झाडूलासुद्धा हात लावला नव्हता. त्याबद्दल त्याला उन्हात उभं केलं. तो खाली बसला, तेव्हा बांधून उभं केलं. मग दाढी अर्धी उतरवली. अर्धीच, कारण न्हाव्याची जेवायची वेळ झाली. आताशा एनोसला काही वाटेनासं झालं होतं. दुखलं तर कुणाचं तरी दुखतंय, एवढंच कळायचं.

सार्जंट ड्वायरचा उत्साह मात्र टिकून होता. दुसरा आमिश पोरगा शेटलर, त्याच्याशी गोड बोलून त्याने माहिती काढली, की यांच्या प्रार्थनेत माणसं एकमेकांचे पाय धुतात.

रविवारी जेवणानंतर ड्वायर बराकीत आला, बाकावर बसला, बूट काढले आणि पाण्याची बादली एनोसपुढे सरकवली.

"या महाराज, धुवा. हुकूम आहे."

पत्ते खेळणारे थांबले.

"धुतलेस तर हुकूम पाळलास. नाही धुतलेस तर देवाला काय सांगशील? सार्जंटचे पाय घाण होते म्हणून?"

"ते तर आहेतच," मागून कुणीतरी म्हणालं.

एनोसने पायांकडे पाहिलं. टाचेला फोड, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. भीती वाटायला हवी होती. त्याने शोधली, सापडली नाही. तो गुडघ्यांवर बसला. दोन्ही पाय धुतले, सदऱ्याच्या टोकाने बोटांच्या बेचक्यांतूनही पुसले.

"बघितलंत ना रे सगळ्यांनी? झाला शिपाई!"

एनोस उठून त्याच्या शेजारी बसला, आपले बूट काढले आणि पाय बादलीजवळ ठेवले.

"हे काय?"

"आता तुम्ही. आमच्यात दोघांनी धुवायचे असतात, साहेब. मग एकमेकांचा मुका घ्यायचा. तोवर धुणं झालं असं धरत नाहीत."

"घ्या की साहेब, लाजता काय!" बराक ओरडली. "दाढी नाही त्या बाजूचा घ्या!"

ड्वायरने बादली लाथाडली आणि बूट हातात घेऊन निघून गेला.

संध्याकाळी लेफ्टनंटने चौकशी केली. कुणी म्हणालं, हुकूम पाळला. कुणी म्हणालं, अर्धा. अर्ध्या शिपायाचं काय करायचं याचा नियम नव्हता, म्हणून नियम सापडेपर्यंत एनोसला कोठडीत ठेवलं. तिथे तो अनवाणीच बसून राहिला. पहारेकऱ्यांनी बूट घालायचा हुकूम दिला, म्हणून तर बूट कोपऱ्यातच राहिले. थंडी पडली. पायाची बोटं आधी लाल, मग पांढरी झाली.

ड्वायरची तुकडी फ्रान्सला निघाली त्या सकाळी तो कोठडीच्या गजांपाशी आला.

"बूट घाल रे. पाय जातील."

"हुकूम आहे?"

ड्वायरने मागे पाहिलं. कुणी नव्हतं.

"नाही."

एनोसने बूट ओढून घेतले आणि घातले. पाय आत गेले असावेत. त्याला कळलं नाही, म्हणून वाकून बघावं लागलं.