आमच्या गल्लीचं ऊन

राजूरला रेल्वे यायची आहे. अजून आलेली नाही. सध्या आहे तो नुसता मातीचा भराव, आणि त्याच्यावर संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. पण बिल्डर मात्र येऊन पोहोचला. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसं आमच्या गल्लीच्या मावळतीला पाच मजली इमारत उभी राहिली आणि तिचं नाव ठेवलं ‘एक्सप्रेस रेसिडेन्सी’. एक्सप्रेस इथं थांबणार की आमच्या डोळ्यांत धूळ उडवून पुढं जाणार, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

मी रामकिसन. गल्लीच्या तोंडाला माझी पिठाची गिरणी आहे. बायका दळण घेऊन येतात, पुरुष दळण न घेताच येतात, त्यामुळे गल्लीत काय शिजतंय ते मला सगळ्यांच्या आधी कळतं.

सुरुवातीला इमारतीला कडक विरोध होता. बोअरचं पाणी आटेल, नाली तुंबेल, वरचे लोक आमच्या अंगणात डोकावतील, असं सगळे रोज म्हणायचे. यात कचरूनानांचा आवाज सगळ्यात मोठा. मग चैत्र आला, आणि इमारतीची सावली बरोबर चार वाजता नानांच्या ओट्यावर येऊन पडायला लागली. विरोध तिथंच विरघळला.

बाहेरच्या माणसाला याची गंमत कळायची नाही. रस्ता रुंद करताना ओट्यासमोरचा लिंब तोडला, तेव्हापासून पुरुषांची बैठक मोडली होती. उन्हाळाभर सगळे माझ्या गिरणीत पीठ खात बसायचे. आता ओटा पुन्हा भरला. निजामोद्दीन टेलर दुकान बंद करून पहिला येऊन बसायचा. नाना सावलीचं असं कौतुक करायचे की वाटावं, ती त्यांनी स्वतः पेरून उगवली आहे. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून म्हणायचे, “बसा हो, सावली घरचीच हाय.”

बिल्डर मिथुनशेठ नवीन जालन्याचा. पोरगेलासा, गोड बोलणारा. त्याला आणखी दोन मजले चढवायचे होते, आणि गल्लीची हरकत नको होती. एक दिवस तो ओट्यावर आला, चहा झाला, आणि त्याने विषय काढला. नानांनी पाण्याचं विचारलं नाही की नालीचं विचारलं नाही. त्यांनी एकच विचारलं, दोन मजले चढले तर सावली किती लवकर येईल. मिथुनशेठ म्हणाला, तीनपर्यंत यायला हरकत नाही.

“मंग चढवा की,” नाना म्हणाले. “आमच्या गल्लीचा बिलकुल विरोध न्हाई.”

शब्द दिला तेव्हा नानांच्या डोक्यावर, म्हणजे त्यांच्याच घराच्या धाब्यावर, सगुणाबाई कुरडया उलटत बसल्या होत्या. नानांच्या बायकोच्या हातची कुरडई म्हणजे इकडं राजूरपासून तिकडं धाव‍ड्यापर्यंत नाव. यंदा तर तृप्तीचं, धाकट्या लेकीचं, वैशाखात लग्न. रुखवतात कुरडयांची चळत आईच्या हातची मांडायची, हे तृप्ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, पहाटे उठून तो घाटायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. एवढं करून पुढचं सगळं उन्हाच्या हातात. आणि यंदा ऊन चार वाजताच उठून चाललं होतं. कुरडया वरून वाळल्या, पोटात ओल्या राहिल्या आणि आंबल्या. जुबेदाबींच्या, म्हणजे निजामोद्दीनच्या घरच्या, बकरीला घातल्या तर तिनेही हुंगून तोंड फिरवलं.

नानांनी शब्द दिल्याचं बाईंना दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्याकडूनच कळलं, लपवण्यात काय अर्थ आहे. त्या दिवशी चार वाजता ओटा भरलेला असताना त्या परात घेऊन बाहेर आल्या आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

“खाऊन बघा,” त्या म्हणाल्या.

नानांनी एक तुकडा तोंडात टाकला. चघळला. गिळताना त्यांना जरा कष्ट पडले.

“आंबूस लागून राह्यली.”

“तुमच्या सावलीची चव हाय ती.”

निजामोद्दीन चपलेत पाय घालायला लागला.

“सावली तुम्हाला पाहिजे होती, बराबर हाय,” बाई म्हणाल्या. “पण ऊन माझं होतं. माझं ऊन देऊन टाकताना मला इचारलं का?”

“ऊन काय कोणाच्या मालकीचं असतंय?”

“मंग सावली घरची कशी झाली?”

बाईंनी परात उचलली आणि आत गेल्या. त्यांचे डोळे भरलेले मला दिसले, आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून ओट्यावर चहा यायचा बंद झाला. जुबेदाबींच्या शेवयाही नरम पडत होत्या, त्यामुळे निजामोद्दीनच्या घरचीही चूल पुरुषांच्या चहाला थंड. गल्ली अशी मधोमध चिरली गेली: पुरुष सावलीचे, बायका उन्हाच्या. माझा पाय दोन्ही दगडांवर. दुपारी मी सावलीचा, जेवताना कुरडईचा.

रविवारी मिथुनशेठ शब्द पक्का करायला आला. बघतो तर ओट्यावर बायका बसलेल्या आणि पुरुष रस्त्यात उभे. त्याचा चेहरा उतरला. पण सगुणाबाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, की मजल्यांना आमची हरकत नाही, कितीही चढवा.

“पण आमचं ऊन तुमच्या गच्चीवर गेलंय,” त्या म्हणाल्या. “ते आम्ही तिथं येऊन घेऊ. दर उन्हाळ्यात वाळवणाला गच्ची आमची. मजले वाढले तर वरच्या गच्चीवर.”

मिथुनशेठच्या डोळ्यांपुढं दोन-चार पापड आले असावेत. तो खुशीत म्हणाला, “काकू, एवढंच ना? घाला की.” नानांनीही सुटकेचा निःश्वास टाकला, मिटलं म्हणाले.

“अजून न्हाई मिटलं. राखण राह्यली,” बाई म्हणाल्या. “कावळे येतात, वानरं येतात. सकाळचं काम आमचं. दुपारपासून सांजेपर्यंत राखण ज्यांनी शब्द दिला त्यांची.”

निजामोद्दीन हळूच म्हणाला, की त्या दिवशी त्याने शब्द दिला नव्हता, नुसता चहा प्यायला होता. जुबेदाबींनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. त्यानं पुन्हा ते वाक्य काढलं नाही.

सोमवारपासून गच्चीवर जत्रा सुरू झाली. लिफ्ट अजून बसायची होती, त्यामुळे शेगडी, पातेली, सोरे, बाजा, सगळं जिन्याने वर गेलं. जुन्या साड्या अंथरल्या. कुरडया, पापड, सांडगे, आणि बाजेवर जुबेदाबींच्या शेवया. पाय ठेवायला जागा उरली नाही. नेमका त्याच दिवशी मिथुनशेठ जालन्याचं एक गिऱ्हाईक घेऊन गच्ची दाखवायला आला. इथं बाग होणार, झोपाळा येणार, असं तो त्यांना जिनाभर सांगत आला होता. समोरचा देखावा बघून त्याला घाम फुटला. गिऱ्हाइकाची बायको मात्र सरळ खाली बसली, एक कुरडई हातात घेतली आणि विचारलं, “इथं वाळवण घालू देतात? आमच्या अपार्टमेंटमध्ये तर पापड दिसला की भांडण.” त्यांनी त्याच दिवशी फ्लॅट बुक केला. आठवड्यात इमारतीच्या फलकावर ‘स्टेशनपासून जवळ’च्या खाली एक नवी ओळ आली: ‘वाळवणासाठी स्वतंत्र गच्ची’.

आणि चार वाजता घरची सावली ओट्यावर आली, तेव्हा तिच्यात कोण बसलं होतं? काम आटोपलेल्या बायका. चहा त्यांचा, गप्पा त्यांच्या, हसणं तर भरावापर्यंत ऐकू जाणारं. नाना वरून कठड्यापाशी येऊन विचारायचे, काय झालं, का हसून राह्यल्या. खालून कोणी सांगायचं नाही.

राखणीच्या तिसऱ्या दिवशी सगुणाबाईंनी माझ्या हाती किटली दिली आणि वर पाठवलं. निजामोद्दीन पाण्याच्या टाकीला टेकून पेंगत होता. नाना मात्र हातात काठी घेऊन भर उन्हात बसलेले, चेहरा लालबुंद. छत्री शेजारी मिटून ठेवली होती. मी म्हटलं, नाना, उघडा की ती.

“उघडली की सावली कुरडयावर पडती,” ते म्हणाले.

चहाचा घोट घेऊन त्यांनी कुरडयांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, “रामकिसन, ही दरसाल अशीच बसून राहती व्हय रे धाब्यावर? म्या कधी वर आल्तोच न्हाई.”

खाली येऊन मी हे जसंच्या तसं बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, छत्री आहे ना वर. मी मिटून ठेवल्याचं सांगितलं, का ते पण सांगितलं. त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली, एक टॉवेल ओला करून पिळला आणि जिना चढायला लागल्या. ओट्यावरच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या, पण या वेळी हळू.

तृप्तीच्या रुखवतात कुरडया अशा पांढऱ्याशुभ्र निघाल्या, की वरमाईने हातात घेऊन बघितल्या आणि कुठं वाळवल्या म्हणून विचारलं. सगुणाबाई तोंड उघडणार तेवढ्यात नाना पुढं झाले.

“पाच मजल्यांच्या वर,” ते म्हणाले. “लई ऊन असतंय तिथं. आमच्या हिचं हाय ते.”