सुरंगीची ओटी

फाल्गुनातलं कोवळं, केशरी ऊन वेंगुर्ल्याच्या उतारावर पसरलं होतं. पण ज्या सुरंगीच्या सुवर्णफुलांवर ते दरवर्षी रेंगाळायचं, ती सुरंगीच उरली नव्हती. आईने लावलेली, आईपाठोपाठ गेलेली. वादळाने तिला आडवं केलं.

मृणालने तिचा शेवटचा हिरवा कोंब पुण्याच्या प्रयोगशाळेत नेला होता. औषधांनी धुतला, निर्जंतुक केला, काचेच्या बाटलीत वाढवला. बारा रोपं झाली. काय देखणी, काय नितळ! पण मातीत येताच एकेकाने मान टाकली. शेवटचं, पिवळं पडलेलं रोप घेऊन ती वेंगुर्ल्याला वडिलांकडे, अप्पांकडे आली. हे गेलं की सुरंगी गेली, आईच्या अंबाड्यातल्या फुलांचा गंध गेला.

रोपं का मेली ते तिला ठाऊक होतं, हेच तर दुःख! झाडाच्या खोडात, मुळांत, पानापानांत जीवाणू नांदतात. अदृश्य, अबोल, जन्माचे सोबती. कुणी अन्न पुरवतात, कुणी रोग अडवतात. त्या साऱ्यांना तिने आपल्याच हातांनी धुऊन काढलं होतं.

अप्पांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "इतक्या धुतलंस गो बाय! तेचा गणगोत पण धुवन टाकलंस मां?"

आणि तिला आई आठवली. नवं रोप लावताना आई खड्ड्यात थोरल्या झाडाखालची ओंजळभर माती घालायची, कुजल्या पानांची, बारीक मुळांची. म्हणायची, "माहेराची ओटी ही. चेडवाक, लेकीक, रिकामा धाडूचा नाय." मृणाल हसायची. शिकायला पुण्याला निघाली, तेव्हा आई तांदळाची ओटी घेऊन दारात उभी राहिली, तर ही म्हणाली, "बॅगेत जागा नाय गे, आये." ते तांदूळ आईच्या सुपातच राहिले.

मृणाल उताराकडे धावली. पडल्या बुंध्याखालच्या गार, काळ्या, ओल्या मातीत तिने कोपरापर्यंत हात घातले. रोपाची ओटी भरली.

महिनाभर ती रजा काढून रोपाशी बसली. चैत्रातल्या एका सकाळी शेंड्याला हिरवा ठिपका दिसला. अप्पा लहान मुलासारखे रडले.

निघायच्या दिवशी अप्पा अंगणात उभे होते. ओंजळीत सुरंगीखालची माती. ओटी बायकांनी भरायची, हे त्यांनाही ठाऊक होतं. "तुझी आवस असती तर..." त्यांनी ओंजळ पुढे केली.

मृणालने ओढणी पसरली. एक ओंजळ पडली. मग दुसरी.

"बॅगेत जागा आसा, अप्पा," ती म्हणाली. "खूप जागा आसा."

मागे उन्हात, वाऱ्यात, तो हिरवा ठिपका हळूच हलला.