केसरबाईची शिटी

शिबिराच्या तीन दिवसांत केसरबाईला दोनदा ताकीद मिळाली होती. तिसरी मिळाली की पिशवी उचलून वरवट बकालची एसटी धरायची, असं पुष्पांजलीताईनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. ज्या तोंडाला दोन सुना आणि अख्खी गल्ली वचकून असे, त्या तोंडाला ही तिशीतली शिकवणारी दम देत होती.

वरवटात पोरांचं स्काउट पथक होतं. पोरींचं नव्हतं, कारण त्यांना शिबिराला नेईल अशी एक बाई पुढं येईना. मास्तरणी म्हणाल्या, घर कोण पाहील. तेव्हा चौथी शिकलेली केसरबाई उठली आणि बावीस पोरींच्या आयांना शब्द देऊन पथक चालवायचं शिकायला या शिबिरात आली. आता नापास होऊन परतायचं म्हणजे त्या बावीस दारांपुढून मान खाली घालून जायचं. तशी सवय तिच्या मानेला नव्हती.

ताकीद मिळाली ती हात चालल्याबद्दल. सरावाला दिलेल्या वडनेर भोलजीच्या सहा पोरींपैकी कोणी गाठ चुकवली की केसरबाई दोर हिसकून घ्यायची. जन्मभर बैलांचे कासरे आणि कडब्याच्या पेंढ्या बांधलेली बाई ती, ढिली गाठ दिसली की बोटं ऐकत नसत. ताईचं म्हणणं, पथक चालवणारीनं काम करायचं नसतं, होऊ द्यायचं असतं. गळ्यातली शिटी तर तिनं एकदाही ओठाला लावली नव्हती. घरंदाज बाई कुठं शिट्ट्या मारते होय, असं पहिल्याच दिवशी सुनावून झालं होतं.

चौथ्या दिवशी परीक्षा लागली. त्याच सहा पोरी, तीन बांबू, दोर आणि वरणाचा गंज. बांबूंची तिकटी बांधून गंज टांगायचा, खाली जाळ करायचा. केसरबाईनं दहा पावलं लांब, हात पाठीमागं घेऊन उभं राहायचं. तोंडानं बोलायची मुभा, हात लावायचा नाही.

काजल नावाच्या थोराड पोरीनं दोर गुंडाळला. बांबूंच्या मधून आडवे वेढे घ्यायचे, ते ती विसरली. केसरबाईला लांबूनच दिसलं.

"काजल, गाठ पाह्यली का नीट?"

"हाव आजी, पक्की हाय."

ताई वही घेऊन बाजूला उभी. केसरबाईनं पाठीमागं पदर मुठीत धरला. गंज चढला, वरण रटरटू लागलं. धाकटी सुवर्णा खाली वाकून जाळ फुंकायला बसली, आणि वरचा दोर बोटभर घसरला.

"सुवर्णे, सरक मांगं."

सुवर्णा हसली आणि फुंकतच राहिली. तीन दिवस केसरबाई सकाळ-संध्याकाळ ओरडत होती. पोरींचे कान त्या ओरडण्याला सरावले होते. पळत जायला वेळ नव्हता. दोर आणखी घसरला.

तिनं शिटी तोंडात धरली. आधी नुसती हवा गेली. मग अशी लांब वाजली की माळावरचे बगळे उठले. लांब शिटी म्हणजे हातातलं सोडून मागं सरायचं, हे ताईनं पोरींना पहिल्याच दिवशी घोटवलं होतं. सहाही जणी मागं झाल्या. तिकटी कलंडली, गंज जाळावर आडवा झाला आणि वरण फसफसत राखेत गेलं.

काजल रडायला लागली. केसरबाई जवळ गेली. बोटं शिवशिवत होती. तिनं ती पुन्हा पदरात गुंडाळली.

"रडून काय करून राह्यली? दोर उचल. कुठं सुटलं, ते मले दाखव."

काजलनं दाखवलं. सोडलं, पुन्हा बांधलं, पुन्हा चुकलं. केसरबाईनं दातांखाली ओठ धरला. तिसऱ्या खेपेला काजलनं तिकटीला लोंबकळून पाहिलं. ती हलली नाही.

वेळ संपला होता, वरण नव्हतं. केसरबाईनं स्वतःच विचारलं, "लिहा ताई तिसरी ताकीद. एसटी कितीची हाय?"

"कशाची ताकीद, काकू? हात कुठं लावला तुम्ही?" ताईनं वहीत तिचं नाव लिहिलं आणि पुढं बरोबरची खूण केली.

पुढच्या रविवारी सकाळी वरवटच्या चौकात लांब शिटी वाजली. पानठेल्यावरचे सगळे वळले. किसनराव म्हणाले, काऊन वो केसरबाई, या वयात हे काय?

"तुमच्यासाठी नाही वाजवली, किसनराव. बसा तुम्ही."

तोवर गल्ल्यांतून पोरी धावत येऊ लागल्या होत्या.