गच्चीवर ठेवलेलं प्रस्थान

मी ट्रायपॉड. पाय तीन, त्यातला एक नावापुरता. उभं राहून राहून जीव मेटाकुटीला आलाय, म्हणून नुंगंबाक्कमच्या या फ्लॅटमध्ये दाराआड टेकून तुमच्याशी दोन शब्द बोलतोय. ऐकायचं तर ऐका, नाहीतर जा बापडे.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवतात ते वसंतराव. रेल्वेत नोकरी, बदली होऊन चेन्नईत आले आणि तिथल्या जॉर्ज टाउनच्या बाजारातून मला हौसेनं घेऊन आले. पक्ष्यांचे फोटो काढायचे होते! मला दलदलीत उभं करायचे, चिखल कधी नीट पुसला नाही. डाव्या पायाचा खटका गंजला. मग हौस फिटली आणि मी माळ्यावर गेलो, आकाशकंदिलाशेजारी. माणसांची हौस होते, पाय आमचे जातात.

त्यांच्या मुलानं, अद्वयनं, मला खाली ओढलं ते कॉलेजच्या म्युझिक व्हिडिओसाठी. त्याच्या वर्गातली श्रीरंजनी वरच्या मजल्यावर राहते. तंजावरकडचं मराठी घर. गाणं तिचं, कॅमेरा याचा आणि मृदंग तिच्या आजोबांचा, नारायणस्वामींचा. ती त्यांना ताता म्हणते. ताताच्या उजव्या मनगटातली नस दबलीये, बोटं बधिर होतात. मंगळवारी ऑपरेशन होतं आणि त्यानंतर हात पूर्वीसारखा वाजेल याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. सकाळी बोटं आखडलेली असतात, म्हणून रविवारची संध्याकाळ ठरली. व्हिडिओला मार्क किती मिळतात याचं श्रीरंजनीला काही पडलं नव्हतं. तिला तो हात वाजताना जपून ठेवायचा होता.

तयारी म्हणाल तर जेवणाच्या टेबलावर नुसता धुमाकूळ. ऊन कुठून येईल ते मोबाइलवर पाहून झालं, बॅटऱ्या चार्ज झाल्या, गच्चीची किल्ली मिळाली, पाण्याची टाकी झाकायला कुणाचंसं रेशमी पातळ आलं. माझ्या पायाला चिकटपट्टीचे वेढे बसले. "साडेचार ते सहा, सोनेरी ऊन! परफेक्ट!" अद्वय नाचत होता. वाण्यानं दिलेलं तमिळ कॅलेंडर स्वयंपाकघरात लटकत होतं. या गावात काही ठरवायच्या आधी लोक त्यात डोकावतात. आमच्या शहाण्यानं ते पाहिलंच नाही.

शनिवारी नारायणस्वामी खाली आले. "रविवारी साडेचार? अय्यो, राहूकाळ की रे तो! त्या वेळेत मी मृदंगाला हात लावणार नाही."

"ताता, सहानंतर ऊन नसतं," श्रीरंजनी म्हणाली.

"नसू दे. चांगलं काम राहूकाळात कोण सुरू करतं? मंगळवारी हा हात डॉक्टरच्या हातात द्यायचाय मला."

म्हातारा घाबरला होता. अद्वय काहीतरी तोडून बोलणार, तोच त्याच्या आईनं, अलकनंदाबाईंनी, डोळे वटारले. श्रीरंजनी रडकुंडीला आली.

"मामा," अलकनंदाबाई म्हणाल्या, "सुरूच करायचं नाही ना? मग सकाळी सुरू करू या. आमच्या सासूबाई प्रवासाचं प्रस्थान ठेवायच्या. चांगल्या वेळेला तांदूळ-सुपारी फडक्यात बांधून शेजारी नेऊन ठेवली, की निघालो असंच झालं. मग प्रत्यक्ष केव्हाही निघा."

म्हातारा खुर्चीत पुढे सरसावला. "माझी आई पण ठेवायची हे! विसरूनच गेलो होतो, अम्मा. पण मृदंग नको उन्हात. कातडं तडकेल."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. झालं! म्हटलं, भोगा आता.

रविवारी सकाळी नारायणस्वामींनी स्वतः माझ्या लंगड्या पायाला गाठोडं बांधलं, मृदंगावर एक थाप दिली आणि मला गच्चीवर उभं केलं. दिवसभर मी त्यांच्या वतीनं निघालेला. चेन्नईचं ऊन म्हणजे काय सांगू! कावळे येऊन बसून गेले. चिकटपट्टीचा गोंद पार वितळला.

साडेचारला ते येऊन बसले. "सुरू झालंय आधीच," स्वतःलाच म्हणाले आणि वाजवू लागले. बोटं एकदाच साथ देणार होती. अद्वय थर्माकोल धरून त्यांच्यावर उजेड पाडत होता, माझ्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यामागे कुणी नव्हतं. मी जीव खाऊन उभा होतो, पण पाय हळूहळू खचत गेला आणि माझी मान खाली झुकली.

"गेलं सगळं!" नंतर अद्वय ओरडला. "अर्ध्या गाण्यात ताताचं तोंडच नाही!"

श्रीरंजनीनं पाहिलं. पडदाभर फक्त दोन हात. अंगठा थरथरतोय, पण ताल कुठे सुटत नाही. "हेच पाहिजे होतं मला," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

ऑपरेशन झालं. हात आता भात कालवतो, पण मृदंगावर चालत नाही. काल वसंतराव मला माळ्यावर टाकायला निघाले आणि गाठोडं सोडू लागले. नारायणस्वामी इथेच बसले होते.

"सोडू नका, वसंतराव. प्रस्थान ठेवलंय मी. अजून पोचलो नाही."

म्हणून मी दाराआड. थकलोय हो. माळ्यावर टाका, भंगारात घाला, माझी तक्रार नाही. तेवढी गाठ मात्र राहू द्या. रोज संध्याकाळी वरच्या मजल्यावरून एक थाप ऐकू येते आणि थांबते. मी दुसरीची वाट बघतो.