जोडीदाराला घेऊन या

आमच्या दवाखान्यात सात नंबरच्या खोलीत शिरणारा प्रत्येक माणूस आधी विचारतो, "दात इथेच दाखवायचे का?" गुप्तरोगाच्या खोलीत आपण चुकूनच आलो, असं भिंतींनाही वाटावं म्हणून. मी तिथली नर्स. सोळा वर्षं झाली, तरी या नाटकाचा मला अजून राग येतो.

एका सुताराने मात्र हे नाटक केलं नाही. त्याच्या तळहातांवर डाग होते. ते पॉलिशचे समजून त्याने पंधरा दिवस थिनरने हात घासले होते. रक्त तपासलं तर सिफिलिस निघाला. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं, मी ते टोचलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "उद्या जोडीदाराला घेऊन या. त्यांनाही तपासायला हवं."

दुसऱ्या दिवशी तो जोडीदाराला घेऊन आला. धिप्पाड, मिशाळ, अंगभर भुसा.

"मला कशाला बोलावलंय, सिस्टर?" मिशाळ म्हणाला. "सुई असेल तर टोचून टाका पटकन, काम खोळंबलंय."

त्याला बाहेर बाकावर बसवलं, दार लावलं आणि सुताराला फैलावर घेतलं. "अहो, जोडीदार म्हणजे बायको!"

"बायकोला आम्ही बायकोच म्हणतो. जोडीदार म्हणजे करवतीचं दुसरं टोक धरतो तो."

हसून हसून माझी पुरेवाट झाली. तो मात्र हसला नाही. लग्नाला दोनच महिने झाले होते आणि आजार लग्नाआधीच्या एका चुकीचा होता.

"सांगितलं तर ती माहेरी निघून जाईल. तुम्हीच ताकदीचं इंजेक्शन म्हणून देऊन टाका ना."

"खोटं बोलून मी कुणाला सुई टोचत नाही. तिला आज काही दुखत नसेल, पण हा आजार आतल्या आत वाढतो. उद्या दिवस गेले तर बाळालाही लागेल. आत्ता सुईवर भागतंय. आणि मी सांगेपर्यंत तिच्यापासून लांब झोपायचं."

त्याचा चेहरा एवढा पडला की मला दयाच आली. मग आम्ही तालीम केली. मी बायको झाले. पहिल्या तीन वेळा त्याची गाडी "अगं" च्या पुढे सरकलीच नाही.

पाचव्या दिवशी ती आली. तो चार पावलं मागे, तिची पिशवी सांभाळत. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज खणखणीत होता.

"सात नंबर हीच ना?" तिने दारातूनच विचारलं. मला ती तिथेच आवडली.

रक्त घेतलं, इंजेक्शनही दिलं. कागद भरताना मी विचारलं, "जोडीदाराचं नाव?"

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या कानामागची पेन्सिल ओढून माझ्यापुढे ठेवली.

"याचंच. पण सध्या पेन्सिलीने लिहा."

तीन महिन्यांनी दोघं फेरतपासणीला आली. दोघांचेही रिपोर्ट चांगले आले. सुतार नाचायचाच काय तो बाकी होता. ती मात्र माझ्या टेबलावर वाकून आपला जुना कागद शोधत होती.

"सिस्टर," कागद सापडल्यावर ती म्हणाली, "पेन आहे का?"